डिस्चार्ज कार्ड हातात पडलं, पुढे काय?

जळगाव, मे महिना

डिस्चार्ज मिळायला बहुतेक वेळा संध्याकाळ होते. बिल आणि गाडीच्या धावपळीत औषधं समजून घ्यायची राहतात आणि रावेर-यावलकडच्या गावी पोचेपर्यंत मेडिकल बंद झालेलं असतं. रात्रीचा आणि सकाळचा डोस निघतानाच पिशवीत हवा.

घरी आल्यावर जुन्या आणि नव्या गोळ्या शेजारी-शेजारी मांडाव्यात. कंपनीचं नाव वेगळं असलं तरी खालचं बारीक अक्षरातलं नाव जुळवून बघायचं. दोन्हीकडे टेल्मिसार्टन असेल तर बीपीची गोळी दुप्पट जाते. म्हातारी माणसं सकाळी उठता उठता चक्कर येऊन पडतात, त्यामागे कित्येकदा हेच असतं. कोणती गोळी बंद करायची ते डॉक्टरांकडून कार्डावरच लिहून घ्यावं.

आपल्याकडे भेटायला येणारा हमखास केळी आणतो. किडनी अधू असेल किंवा स्पायरोनोलॅक्टोन (शरीरात पोटॅशियम राखून ठेवणारी, लघवी वाढवणारी गोळी) चालू असेल, तर विचारल्याशिवाय केळं देऊ नये. केळ्यात पोटॅशियम असतं आणि ते रक्तात वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. मीठ कमी सांगितलं की भाजी अळणी होते, पण ताटातला उडदाचा पापड तसाच राहतो. पापडखारातही सोडियम असतंच.

या उन्हात पाण्याचा घोळ फार होतो. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर दिवसाला किती पाणी द्यायचं, हा आकडा लिटरमध्ये मागून घ्यावा. तेवढं सकाळीच भरून ठेवायचं आणि चहा, ताक त्यातच मोजायचं.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची. माकडहाड, खुबे, टाचा रोज बघायच्या. लाल डाग बोटाने दाबून क्षणभरही फिका पडत नसेल, तर जखमेची सुरुवात झालेली असते. त्या जागेवर भार नको, मालीश तर अजिबात नको. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे जागा गरम किंवा कडक लागते का ते हाताने तपासावं. वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नये, कातडी आतून फाटते. दोघांनी खालची चादर धरून उचलावं.

हे सगळं रात्रीही करायचं असतं आणि ते एकट्या सुनेच्या गळ्यात पडतं. हे मला अजिबात पटत नाही. अकरा ते तीन मुलाने बघावं, तीन ते सात तिने.