डिस्ट्रिक्ट सिक्स : पायाखालचा नकाशा

टेबल माउंटन, पेंग्विन, वाइनचे मळे, केप पॉइंट, सगळं झालं. देखणं आहेच, फोटो कुठेही सापडतील. केपटाउनमध्ये मला जिव्हारी लागलं ते बाइटनकांट रस्त्यावरच्या जुन्या मेथॉडिस्ट चर्चमध्ये. तिथे आता डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियम आहे.

डिस्ट्रिक्ट सिक्स ही केपटाउनमधली एक जुनी वस्ती. आत जमिनीवर त्या अख्ख्या वस्तीचा नकाशा रंगवलाय, वर पारदर्शक प्लास्टिक. तिथे राहिलेल्यांनी आपापल्या घराच्या जागी नावं लिहिली आहेत. माहिती सांगणारे काका त्याच वस्तीत वाढलेले. हॅनोवर स्ट्रीट दाखवायला ते सावकाश गुडघ्यांवर बसले. "इथे न्हावी, हे आमचं दार." रविवारी सकाळी शेजारणीकडून खोबऱ्यात घोळवलेले कोसिस्टर (तळून पाकात बुडवलेला गोड पदार्थ) यायचे, हे सांगताना त्यांनी दोन घरं बोटानं जोडून दाखवली. मी चपला काढून कडेला उभी राहिले. लोकांच्या घरांवर पाय कसा द्यायचा?

भेदभाव दक्षिण आफ्रिकेत आधीपासून होताच. १९४८ला गोऱ्यांची नॅशनल पार्टी निवडून आली आणि त्याला कायद्यांची पोलादी चौकट मिळाली. १९५०च्या एका कायद्यानं प्रत्येक माणसाच्या नावापुढे वंश नोंदवला, त्याच वर्षीच्या ग्रुप एरियाज ॲक्टनं कुणी कुठे राहायचं ते ठरवलं. ११ फेब्रुवारी १९६६ला ही वेगवेगळ्या वंशांची सरमिसळ वस्ती 'फक्त गोऱ्यांची' जाहीर झाली. साठ हजारांवर माणसं शहराबाहेर वाऱ्या-वाळूच्या केप फ्लॅट्स नावाच्या सपाट भागात नेऊन टाकली. घरं बुलडोझरखाली गेली. मशिदी आणि चर्च तेवढी ठेवली. रस्त्यांच्या नावांच्या पाट्या आज म्युझियममध्ये छतापासून लटकतात. पाडकामावरच्याच एका माणसानं त्या फेकून न देता लपवून ठेवल्या होत्या.

बाहेर पडून चालत गेलो तर डोंगराच्या पायथ्याशी नुसतं गवत. एवढ्या मोक्याच्या जागी! लोकांचा विरोध इतका होता की तंत्रशिक्षण संस्थेची इमारत सोडली तर फारसं काही उभंच राहिलं नाही. मला त्या गवताचा राग आला. जी जमीन सरकारला इतकी हवी होती, ती त्यांनी वापरलीही नाही.

ग्रुप एरियाज ॲक्ट १९९१मध्ये रद्द झाला, १९९४ला सगळ्यांनी मतदान केलं. ११ फेब्रुवारी २००४ला मंडेलांनी परतणाऱ्या पहिल्या दोघांच्या हाती घराच्या किल्ल्या दिल्या. दोघांनीही ऐंशी ओलांडली होती. कायदा एका सहीनं जातो, घर मिळायला त्यानंतरही इतकी वर्षं लागावीत हे मला पटत नाही.

आमच्या टूरवाल्यांनी इथे जेमतेम अर्धा तास ठेवला होता, त्यातही पुढच्या शॉपिंगची घाई. काकांचं बोलणं मध्येच तोडून निघावं लागलं, याचा अजून संताप आहे. तुम्ही स्वतंत्र जा, आणि जुने रहिवासी कधी असतात ते आधी विचारून घ्या. ही माणसं आता थकत चालली आहेत.