पाव फेऱ्याचा धंदा

सुरुवात ओ-रिंगपासून, म्हणजे वायू अडवणाऱ्या रबरी कड्यांपासून झाली. दादा आणि मी पेंटबॉलच्या, म्हणजे रंगाच्या गोळ्या झाडायच्या खेळाच्या मैदानांवरचे भाड्याचे मार्कर (त्या गोळ्या झाडणाऱ्या बंदुका) दुरुस्त करायचो. गळणारा वायू, नळीत फुटलेली गोळी, वाळून चिकटलेला रंग, मोसमभर हेच. काम कंटाळवाणं, पण रोज दहा-बारा मार्कर उघडले की कुठला भाग आधी झिजतो हे वाचावं लागत नाही, हाताला कळतं.

ट्रिगरचं, म्हणजे चापाचं काम आम्ही शोधायला गेलो नाही. एक जण टिपमन ९८ हा मार्कर घेऊन आला होता. गळती काढून दिली तर म्हणाला, "दादा, आता हा चापही जरा हलका करा ना. दुपारनंतर बोट उचलत नाही." मूळ फ्रेमवर, म्हणजे चाप बसवलेल्या मुठीच्या भागावर एका बोटाचा चाप, ओढ लांब आणि जड. आम्ही दोन बोटांचा चाप असलेली फ्रेम मागवून बसवली. पुढच्या रविवारी त्याचे चार मित्र दारात उभे. तिथून वर्षभरात ओ-रिंग बाजूला पडल्या आणि आम्ही 'ट्रिगरवाले' झालो.

आतली रचना तशी साधी आहे. स्प्रिंगवर दाबून धरलेला हॅमर, त्याला अडवणारा सिअर नावाच्या खटक्याचा दात. चाप ओढला की दात खाली सरकतो, हॅमर सुटतो, व्हॉल्व्हवर आदळतो आणि वायू गोळीला ढकलतो. चापाच्या प्रवासाचे तीन तुकडे पडतात. आधी काहीच न घडणारी रिकामी चाल, मग सिअर सुटेपर्यंतची खरी चाल आणि सुटल्यानंतर बोट उगाच मागे जातं ती फुकटची चाल. चाल कमी-जास्त करता येणाऱ्या फ्रेममध्ये पुढचा ग्रब स्क्रू (डोकं नसलेला बारीक स्क्रू) पहिला तुकडा खातो, मागचा शेवटचा. आमचा सगळा धंदा या दोन स्क्रूंवर, म्हणजे ते फिरवणाऱ्या षटकोनी ॲलन कीच्या पाव-पाव फेऱ्यावर उभा आहे.

आणि तिथेच आम्ही घसरलो. गिऱ्हाइकाला हलका चाप आवडतो म्हटल्यावर आम्ही आणखी हलका द्यायला लागलो. रिकामी चाल पूर्ण खाऊन टाकायची, वर सिअरच्या दातावर कानस फिरवून तो गुळगुळीत करायचा. बोट टेकलं की खट्! लोक खूश, आम्ही त्याहून खूश.

मग एका मैदानावर आम्ही केलेला मार्कर वेग मोजायच्या जागेशेजारी टेबलावर ठेवला होता. कुणाचा तरी धक्का टेबलाला लागला आणि तो आपोआप सुटला. नळीवर कापडी टोपी होती, गोळी तिच्यातच फुटली. समोर बाकावर एक मुलगा मास्क काढून पाणी पीत बसला होता. गोळी सेकंदाला २८०-३०० फूट वेगाने निघते. डोळ्याला काय झालं असतं, ते त्या रात्री दादा आणि मी एकमेकांना बोलूनसुद्धा दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी फ्रेम उघडली. सिअरच्या दातावर हॅमर जिथे टेकतो तिथे घासल्याची चकचकीत खूण असते. चांगल्या सिअरवर ती पट्टीसारखी दिसते. इथे ती कडेवर होती, केसाएवढी. पुढचा स्क्रू आम्ही इतका आत घेतला होता की चाप न ओढताच दात अर्धा खाली बसलेला. शिवाय कानशीने वरचा कडक थर काढून टाकल्यामुळे उरलेली कड गोल होत चालली होती. दोष फ्रेमचा नव्हता, आमचा होता. वहीत नोंद होती तेवढ्या सगळ्यांना फोन केले, मार्कर परत मागवले आणि नवे सिअर पदरमोड करून बसवले. काही जण आलेच नाहीत. "मस्त चाललाय, कशाला हात लावता?" याला काय उत्तर देणार!

तेव्हापासून टेबलावर कानस नाही. सिअरला फक्त बारीक पॉलिश, तेही बाजूच्या घासणाऱ्या पृष्ठभागाला, कडेला नाही. वायूची टाकी आणि हॉपर (गोळ्यांचा डबा) काढून, आतला वायू सोडूनच फ्रेमला हात लावायचा. पुढचा स्क्रू सिअर हलायला लागेपर्यंत आत आणायचा आणि तिथून अर्धा फेरा परत बाहेर. मग मार्कर कॉक करून, म्हणजे हॅमर मागे ओढून सिअरला अडकवून, रबरी हातोडीच्या मुठीने चारी बाजूंनी ठोकायचं. एकदा जरी हॅमर सुटला तरी आणखी पाव फेरा बाहेर. शेवटी स्क्रूला निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू जागेवर धरणाऱ्या डिंकाचा) एक थेंब, नाहीतर दोनशे गोळ्यांत तो आपल्या मनाने फिरतो.

ऑटोकॉकर नावाच्या मार्करने उलटा धडा दिला. त्यात एकाच ओढीत दोन कामं होतात. पहिल्या टप्प्यात गोळी सुटते, पुढच्या टप्प्यात चाप थ्री-वे व्हॉल्व्ह (वायूची दिशा बदलणारी झडप) सरकवतो आणि रॅम, म्हणजे वायूवर चालणारा दट्ट्या, बोल्ट मागे खेचून मार्कर पुन्हा कॉक करतो. तिथे मागचा स्क्रू हावरटपणे आत घेतला तर थ्री-वे पुरता सरकतच नाही. गोळी जाते, मार्कर मात्र अर्धवट उघडा राहून बघत बसतो. इतर मार्करमध्ये फुकटची ठरणारी चाल इथे पोटापाण्याची असते.

इलेक्ट्रॉनिक फ्रेममध्ये चाप सिअरऐवजी मायक्रोस्विच दाबतो. तिथे भांडण वेगळं. स्प्रिंग फार सैल ठेवली की मार्करच्या धक्क्यानेच चाप बोटावर पुन्हा आपटतो आणि एका ओढीच्या तीन गोळ्या होतात. बोर्डावर डिबाउन्सचे, म्हणजे स्विचच्या उड्या न मोजण्याचे मिलिसेकंद खाली आणले की अजून मजा. पंच पकडतात तेव्हा नाव आमचं घेतलं जातं. म्हणून आम्ही आधी स्प्रिंग ताणतो, मग आकड्याला हात लावतो.

सगळ्यात जास्त तक्रार येते ती "मार्कर मशीनगनसारखा धडाधडा सुटतो" ही. दहा जण फ्रेमला शिव्या देत येतात, त्यातल्या बऱ्याच जणांची टाकी संपत आलेली असते. दाब कमी पडला की ब्लोबॅक मार्करचा (वायूच्याच धक्क्याने पुन्हा कॉक होणाऱ्याचा) हॅमर सिअरपर्यंत मागे जातच नाही, मधूनच परत येऊन व्हॉल्व्हवर आदळत राहतो. टाकी भरून या म्हणून सांगतो. पैसे घेत नाही, पण चेहरे बघण्यासारखे असतात.

परवा एक तरुण हटून बसला होता, पुढचा स्क्रू अजून अर्धा फेरा आत हवा म्हणून. दादाने त्याला पेंटबॉलचा पहिला सामना सांगितला. १९८१ साली न्यू हॅम्पशायरच्या जंगलात बारा जण खेळले. हातात नेल्सपॉट ००७, झाडांवर आणि गुरांवर खुणा करायला बनवलेलं, दर गोळीला हाताने कॉक करावं लागणारं. आणि जो जिंकला त्याने अख्ख्या सामन्यात एकही गोळी झाडली नाही.

तरुण म्हणाला, "मग काका, तुमचं दुकान कशाला?"

दादाने माझ्याकडे पाहिलं आणि ॲलन की मागितली.