हौदातलं शेवाळ आणि टेलचं पाणी

उन्हाळा लागला की आमच्याकडं घरोघरी एकच उद्योग, पाणी साठवायचा. नळाचा भरवसा नाही, त्यामुळं हौद, टाकी, ड्रम, जे रिकामं दिसेल ते भरून ठेवायचं. आणि पाणी साठलं की शेवाळ आलंच. आई वैतागून खराटा हातात देते, मी घासायच्या आधी जरा बघत बसतो, तेवढंच काम पुढं ढकललं जातं.

पण खरंच बघण्यासारखं असतं ते. पत्र्याच्या सावलीतल्या बाजूचं शेवाळ गर्द हिरवं आणि दुपारभर ऊन खाणारं फिकट, पिवळसर. उलटंच वाटतं ना? त्याला बाकीही कारणं असतात, पण मोठं कारण हे की सावलीतल्या पेशीला उजेड कमी मिळतो म्हणून ती हरितद्रव्य वाढवते, उजेड पकडायचा अँटेना मोठा करते (शास्त्रज्ञ खरंच अँटेनाच म्हणतात), आणि उन्हातली पेशी अँटेना छाटून टाकते आणि कॅरोटिनॉइड नावाचे पिवळे-नारिंगी रंग जास्त बनवते. हिमॅटोकॉकस नावाचं एक हिरवं शेवाळ तर कडक ऊन आणि उपासमार एकदम आली की लालभडक होतं.

हा बदल व्हायला काही तास, कधी दिवस लागतात. मग ढग सरकून एकदम ऊन अंगावर आलं तर? त्याची वेगळी सोय आहे, काही सेकंदांत नाहीतर मिनिटांत चालू होणारी. जास्तीची ऊर्जा पेशी सरळ उष्णता करून सोडून देते, त्यासाठी व्हायोलाझँथिन नावाच्या रंगाचं झियाझँथिन करते आणि ऊन उतरलं की परत होतं तसं. एवढं करूनही नुकसान होतंच. फोटोसिस्टिम २, म्हणजे उजेडाची ऊर्जा वापरणारी पेशीतली एक यंत्रणा, तिच्यातलं डी१ नावाचं प्रोटीन उन्हात सारखं मोडतं आणि पेशी सारखं नवं बसवत राहते. म्हणजे आपल्याला वाटतं झाडापाल्याला ऊन जितकं जास्त तितकं चांगलं, पण भर दुपारचं ऊन साधारण २००० मायक्रोमोल फोटॉनचं (फोटॉन म्हणजे उजेडाचे कण, मायक्रोमोल हे ते मोजायचं माप), दर चौरस मीटरला दर सेकंदाला, आणि बऱ्याच शेवाळांचं पोट २०० ते ४०० मध्येच भरतं. बाकीचं सगळं वाया.

खरी गंमत पुढं आहे. पाणी दाट हिरवं झालं की वरच्या पेशी हावरटासारखा उजेड ओढतात, झेपत नाही म्हणून उष्णता करून फेकतात आणि खालच्या अंधारात उपाशी. जायकवाडीच्या डाव्या कॅनालसारखंच हे, २०८ किलोमीटरचा कॅनाल, वरच्याचं शेत तुंबलेलं आणि टेलचा, म्हणजे कॅनालच्या शेवटच्या टोकाचा, परभणीकडचा माणूस कोरड्या चारीकडं बघत बसलेला. म्हणून शेवाळाची शेती करणारे तलाव वीत-दीड वीतच खोल ठेवतात आणि चाक लावून पाणी फिरवत राहतात, म्हणजे प्रत्येक पेशीला वर यायला मिळतं.

अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे शास्त्रज्ञ तासिओस मेलिस यांच्या टीमनं तर क्लॅमिडोमोनास नावाच्या शेवाळाचे अँटेनाच आखूड असलेले म्युटंट, म्हणजे जनुकात बदल झालेले वाण, काढले. वरची पेशी कमी ओढते, उजेड खालपर्यंत पोचतो, एकूण उत्पादन वाढावं हा हिशोब. मग निसर्गानंच असं का नाही केलं? कारण सोपं आहे, उघड्या तळ्यात एकट्यानं अँटेना आखूड केला की शेजारचा लांब अँटेनावाला त्याच्या डोक्यावर सावली धरून पुढं निघून जातो. सगळ्यांचेच आखूड असतील तरच जमतं.

आमचे एक काका टेललाच आहेत, त्यांना हे सगळं मोठ्या उत्साहानं सांगितलं. शेवटपर्यंत ऐकून घेतलं त्यांनी आणि म्हणाले, "मला काय सांगायलास बाबा, वरच्याला जाऊन सांग की."