तुम्ही विचारलंत म्हणून: प्रत्येक लांब काळी गाडी रोल्स नसते

जुना इंग्रजी सिनेमा लागलेला असतो. पायऱ्यांसमोर एक काळी, लांबलचक गाडी येऊन थांबते, शोफर उतरून मागचं दार उघडतो, आणि शेजारून हमखास आवाज येतो, "रोल्स रॉइस ना?" मी नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "दोन सेकंदांत तुम्हाला कळतं कसं?"

सगळे बॉनेटवरची परी, म्हणजे रोल्सची ओळखीची मूर्ती, शोधतात. मी तिच्याकडे शेवटी बघतो, कारण परी कुठल्याही गाडीवर बसवता येते. रेडिएटर, म्हणजे गाडीच्या नाकावरचा जाळीचा भाग, खोटा करणं अवघड. रोल्सचा रेडिएटर ग्रीक देवळाच्या दर्शनी भागासारखा असतो: वर किंचित उतरती कड, खाली ताठ उभ्या पट्ट्या. बेंटलीच्या रेडिएटरचे खांदे गोलसर. डेमलरच्या रेडिएटरच्या माथ्यावर पन्हळी पत्र्यासारख्या उभ्या खाचा असतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या पाणी थंड ठेवण्यासाठी होत्या, पुढे गरज संपली तरी खूण म्हणून राहिल्या. बॉनेटवर स्फिंक्स बसलेला दिसला तर आर्मस्ट्राँग सिडली कंपनीची गाडी.

पण रेडिएटर अर्धीच गोष्ट सांगतो. दुसऱ्या महायुद्धाआधी रोल्स कंपनी चासी (गाडीचा खालचा सांगाडा), इंजिन आणि रेडिएटर द्यायची. बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिरांकडून बांधून घ्यायचं: हूपर, बार्कर, पार्क वॉर्ड, थ्रप अँड मॅबर्ली, जेम्स यंग. लाकडी सांगाडा, त्यावर हाताने ठोकून बसवलेला पत्रा. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तर सख्ख्या बहिणी वाटतीलच असं नाही. म्हणून मी मागच्या दाराच्या मागे बघतो. तिथली छोटी खिडकी, छताचा उतार, मडगार्डचा वळसा, यांत कारागिराचा हात दिसतो. नुसतं "रोल्स" म्हटलं की ही सगळी माणसं पुसली जातात, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

१९६४ च्या 'गोल्डफिंगर'मधली पिवळी-काळी गाडी घ्या. ती १९३७ ची रोल्स फँटम थ्री, बारा सिलिंडरची, आणि बॉडी बार्करची. नंबर 'एयू १', म्हणजे सोन्याची रासायनिक संज्ञा! सोन्याने वेडावलेल्या खलनायकाला याहून चपखल नंबर कुठला मिळणार? मात्र ती लिमोझिन नव्हे, सेडांका द व्हिल. तिच्यात शोफरच्या डोक्यावरचं छप्पर उघडतं. लिमोझिनमध्ये छप्पर पुढपर्यंत कायम असतं आणि शोफरच्या पाठीमागे काचेची आडभिंत असते.

आता जिथे सर्वांत जास्त फसगत होते ती गाडी: डेमलर डीएस ४२०. १९६८ ते १९९२ इतकी वर्षं ती बनत राहिली. आत जग्वारचं ४.२ लिटरचं इंजिन, खाली जग्वारच्याच मोठ्या सेडानवरून घेतलेला पाया. पण रूप मुद्दाम जुन्या वळणाचं, हूपरने पन्नाशीच्या दशकात बांधलेल्या डेमलरची आठवण करून देणारं. लग्नं, अंत्ययात्रा, राजघराणं, सगळीकडे तीच. त्यामुळेच सिनेमात १९५३ सालचा प्रसंग असला तरी ती बिनदिक्कत येऊन उभी राहू शकते. पुढे चार गोल दिवे, बाहेरचे दोन मोठे आणि आतले दोन लहान, आणि वर पन्हळी दिसल्या की समजावं, कथेतलं साल काहीही असो, ही गाडी १९६८ च्या आधीची नाही.

राजघराण्याच्या बाबतीत उलटी चूक होते. ब्रिटनचा राजा सहावा जॉर्ज याला सिनेमात चाळीशीच्या दशकात समारंभाच्या रोल्समधून उतरताना दाखवलं की मला खटकतं. सातव्या एडवर्डपासून राजाची गाडी म्हणजे डेमलर. १९५० मध्ये राजकन्या एलिझाबेथला रोल्सची पहिली फँटम फोर मिळाली आणि तिथून पारडं फिरलं. फँटम फोर एकूण अठराच बनल्या. पुढे राणी ज्या सरकारी गाडीत बसे तिला नंबरप्लेट नसे, आणि बॉनेटवर परीऐवजी राक्षसी सर्पाला मारणारा घोड्यावरचा सेंट जॉर्ज असे.

नंबरप्लेट वाचता आली तर सोनंच. १९६३ पासून ब्रिटनमध्ये नंबराच्या शेवटी वर्षाचं अक्षर येऊ लागलं. जुना नंबर नव्या गाडीला लावता येतो, पण गाडी आहे त्याहून नवी भासवणारा नंबर लावायला कायद्याने बंदी आहे. इंजिनाच्या आवाजावर मात्र मी कधीच विसंबत नाही, तो बहुतेक वेळा नंतर भरलेला असतो.

गेल्या आठवड्यात भाच्याने एका अंत्ययात्रेच्या दृश्याचा फोटो पाठवला. खाली एवढंच: "काका, रोल्स?" चार दिवे, पन्हळी, नंबराच्या शेवटी 'एम', म्हणजे ऑगस्ट १९७३ ते जुलै १९७४. मी लिहिलं: "डेमलर डीएस ४२०. नंबर मूळचाच असेल तर ही लंडनच्या किंग्सबरीत व्हँडन प्लासच्या कारखान्यात बांधलेली. १९७९ नंतर ते काम कॉव्हेंट्रीला गेलं." त्याचा उलट प्रश्न आला, "व्हँडन प्लास कोण?"

त्याला मी फोनच केला.