आमची वाटचाल: दोरा शाबूत, चामडं फाटलेलं

आमच्या चामडे-शिलाईच्या गाळ्याच्या दारामागे खिळ्याला ढोलाचा एक पट्टा टांगलेला आहे. त्याचा दोरा अजून शाबूत आहे. चामडं मात्र टाक्याच्या रेघेवरून सरळ फाटलंय, पावतीपुस्तकातली पावती भोकांवरून फाडावी तसं. असे एकोणीस पट्टे गणपतीच्या बारा दिवस आधी परत आले आणि गाळ्याला कुलूप लावायची वेळ आली. नंतर बरीच वर्षं नीट गेली, त्यात सांगण्यासारखं फार नाही. पट्ट्याचं मात्र सांगायलाच हवं, कारण ते का झालं याबद्दल बाजारात अजूनही भलतंच बोललं जातं.

पुण्यात भवानी पेठेत गाळा घेतला तेव्हा भांडवल म्हणजे रापी, आरी, घोटायची फरशी आणि एक सिंगर 29के शिलाई मशीन, आपण ज्याला पॅचर म्हणतो ते. विकणाऱ्याने काळाकुळकुळीत रंग मारून, सोनेरी नक्षी नव्याने चिकटवून दिलं होतं. ‘के’ म्हणजे किलबोवी, स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा सिंगरचा कारखाना. तो 1980 मध्ये बंद झाला, म्हणजे ‘के’ असलेलं मशीन त्याआधीचंच. एवढं त्याने छाती काढून सांगितलं. किती झिजलंय ते सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

पॅचर वाईट नसतं. बुटाचा टाच-भाग, पिशवीचा कोपरा, बॅगेची उसवलेली चेन, अशा जागी त्याला तोड नाही. बारीक हात आत जातो आणि फूट, म्हणजे चामडं दाबून धरणारा पाय, हव्या त्या दिशेला फिरतं. पण त्याला खाली दाते नाहीत. चामडं पुढे ओढायचं सगळं काम वरच्या दातेरी फुटाचं. त्यामुळे वरचा थर सरकतो, खालचा मागे राहतो आणि लांब शिलाईत दोन टोकं जुळत नाहीत. फुटाला चालवणारे सांधे झिजले की ते पूर्ण पाऊलच टाकत नाही. धडधाकट पॅचरवर इंचाला पाच-सहा टाके येतात. आमच्यावर टाक्याची लांबी ठरवणारी ठोकळी टोकापर्यंत सरकवली तरी दहाच्या खाली येईना. आम्हाला वाटलं, बारीक टाका म्हणजे मजबूत टाका. शिंप्याकडे असेल. चामड्यात उलटं.

हिशेब साधा आहे. इंचाला दहा टाके म्हणजे दोन भोकांमध्ये अडीच मिलिमीटर. सुई 140 नंबरची, म्हणजे 1.4 मिलिमीटर जाड. मधे चामडं उरलं 1.1 मिलिमीटर. कापडाचे धागे सुईला वाट देतात. चामड्यात सुईचं टोक कापत जातं आणि कापलेलं पुन्हा मिटत नाही. त्या रेघेवर ढोलाचं वजन, वादकाची उडी आणि नदीपात्रातल्या सरावात भिजून मऊ पडलेलं चामडं. मग काय होणार? तीच सुई आणि इंचाला पाच टाके, तर मधे 3.6 मिलिमीटर उरतं. आज आमचा एकही पट्टा इंचाला सहापेक्षा जास्त टाक्यांनी शिवला जात नाही, गिऱ्हाइकाने कितीही ‘जरा बारीक घ्या ना’ म्हटलं तरी.

ते एकोणीस पट्टे घेऊन आले होते पथकाचं सामान सांभाळणारे काका. टेबलावर ढीग टाकला आणि म्हणाले, “वाजवता वाजवता ढोल पोराच्या पायावर आला तर? दोन दिवसांत बघा काय ते.” दुसरं कुणी पैसे परत मागितले असते. आम्ही मशीनला हात न लावता सगळे पट्टे नव्या चामड्यात हाताने शिवले. मेणाचा दोरा, दोन सुया, एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी आरपार, इंचाला चार टाके. या टाक्यात एक दोरा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. मशीनच्या टाक्यात वरचा-खालचा दोरा नुसता एकमेकांत अडकलेला असतो, एक गेला की शिलाई उसवत जाते. काकांचं पथक आजही आषाढात पहिली ऑर्डर आमच्याकडेच देतं, आणि ते दारात आले की दारामागचा पट्टा बघून हसतात.

हसला नाही तो पॅचर विकणारा. तोवर त्याने नवी चिनी मशीनं विकायला घेतली होती आणि जो येईल त्याला सांगू लागला, “ते भंगारावर शिवतात, म्हणून फाटतं.” त्यानेच विकलेलं भंगार. पुढे दोन हंगाम चार पथकं आमच्याकडे फिरकली नाहीत. पट्टा फाटला तो मशीन जुनं म्हणून नव्हे, कामाला चुकीचं मशीन आणि चुकीचा टाका म्हणून. नव्या चिनी पॅचरवरही चार मिलिमीटर चामड्याचा पट्टा इंचाला दहा टाक्यांनी शिवला असता तर तसाच फाटला असता. हे तेव्हा ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं, म्हणून आज लिहितोय.

मग लिलावात एका बंद पडलेल्या कारखान्यातलं सिंगर 111डब्ल्यू155 मिळालं. ‘डब्ल्यू’ म्हणजे अमेरिकेतल्या ब्रिजपोर्टचा सिंगरचा कारखाना. हे वॉकिंग फूट मशीन: सुई चामड्यात असतानाच सुई, आतलं फूट आणि खालचे दाते एकदम पुढे सरकतात, बाहेरचं फूट तेवढ्यापुरतं उचललेलं असतं. थर सरकायला वावच नाही. जाडी आठ मिलिमीटरपर्यंत. दोरा 20 नंबरचा बाँडेड नायलॉन बिनतक्रार चालतो (दोऱ्याचा नंबर जितका लहान, तितका दोरा जाड). त्याहून जाड घातला तर एक दिवस चालतो आणि दुसऱ्या दिवशी टायमिंग, म्हणजे सुई आणि खाली दोऱ्याचा फास पकडणारा हूक यांचा मेळ, हलतं. घोड्याच्या जिनाच्या कामासाठी हे मशीन नाही, तिथे 441 वर्गातलं जड मशीन लागतं. बॅगेच्या वळणदार कडांसाठी पुढे ज्यूकी एलएस-341 घेतलं, गोल हाताचं. दोन्हींना सुई एकच लागते, त्यामुळे डबे दोन ठेवावे लागत नाहीत.

जुनं मशीन बघायला जाताना रंगाकडे बघू नका. रंग नवा असेल तर उलट जास्त संशय घ्या. हाताच्या वाकणाशी पितळी झाळ मारून वर रंग चढवलेला असू शकतो. बिडाला एकदा तडा गेला की मशीन सरळ राहत नाही. मोटरचा पट्टा काढा आणि चाक हाताने सावकाश एक पूर्ण फेरी फिरवा. एकाच जागी जड जात असेल तर आत काहीतरी वाकलंय. सगळीकडे सारखंच जड असेल तर बहुधा तेल सुकून डिंक झालंय, ते सुटतं. सुईचा दांडा बोटांत धरून आडवा हलवा. डोळ्यांना दिसेल इतका खेळ असेल तर पुढे टाके सुटणार. पॅचरमध्ये चाक थोडं पुढे-मागे करा आणि शटल, म्हणजे खालचा दोरा वाहणारा भाग, किती उशिरा हलतं ते बघा. हातातली दातेरी पट्टी झिजली असेल तर टायमिंग कधीच एका जागी थांबत नाही, आणि ते दुरुस्त करणं मशीनच्या किमतीत जातं. बॉबिन केस, फुटांची जोडी आणि सुईची प्लेट जागेवर आहे ना बघा. आपलं चामडं, आपला दोरा, आपली सुई बरोबर न्या. विकणाऱ्याच्या चिंधीवर प्रत्येक मशीन शिवतं.

एक फसवणूक फारच होते. 135×17 ही कापडाची गोल टोकाची सुई आणि 135×16 ही चामड्याची कापत्या टोकाची. लांबी, दांडा सगळं सारखं, म्हणून दोन्ही बसतात. चामड्यात 17 घातली की सुई तापते, नायलॉन चिकटतो, तुटतो, आणि दोष मशीनवर. कापत्या टोकातही प्रकार आहेत. एलआर तिरका काप देतं, टाका किंचित तिरका दिसतो. पट्ट्याला आम्ही हेच वापरतो. एस शिलाईच्या रेघेतच काप देतं. त्याला लांब टाका हवा, बारीक केलात तर काप एकमेकांना भिडतात. नंबराचं म्हणाल तर 40 च्या दोऱ्याला 100-110, 30 च्या दोऱ्याला 110-120, 20 च्या दोऱ्याला 130-140. सुई बारीक असली तर गाठ आतल्या थरात न बसता वर दिसते आणि लोक विनाकारण दोऱ्याच्या ताणाचा स्क्रू पिळत बसतात.

टाका सुटतो म्हणून आलेल्या मशीनवर आमचा क्रम ठरलेला आहे. आधी नवी सुई, खाच हूकच्या बाजूला. मग फुटाचा दाब: सुई वर येताना चामडं तिच्याबरोबर उचललं जात असेल तर दोऱ्याचा फास बनतच नाही, आणि हूक रिकामाच फिरतो. एवढ्याने निम्मी मशीनं चालू होतात. टायमिंगला हात सगळ्यात शेवटी. सुई अगदी तळाला न्यायची, चाक पुढे फिरवत तिला सुमारे 2.4 मिलिमीटर वर येऊ द्यायचं, त्या क्षणी हूकचं टोक सुईच्या मध्यावर, भोकाच्या दीड मिलिमीटर वर असायला हवं. हूक आणि सुई यांच्यात कागदाइतकी फट, घासता कामा नये. घासलं की टोकाला बोंड येतं आणि दोरा पिंजतो. ते बोंड बारीक पॉलिश पेपरने काढायचं, कानशीने नाही. आणि टायमिंग नेहमी ज्या सुईने काम करणार तीच लावून बघायचं.

111 मध्ये दोरा हूकमध्ये गुंतला की सेफ्टी क्लच सुटतो. चाक फिरतं, सुई चालते, हूक मात्र थांबलेला. नवशिक्या मिस्त्रीला वाटतं गिअर तुटला. आमच्याकडेही एकाने अख्खं मशीन उघडून ठेवलं होतं. दोरा काढायचा, बेडवरची कळ दाबून धरायची आणि चाक उलटं फिरवायचं. कट्‌ आवाज येतो, झालं.

जखडलेल्या मशीनला हातोडा लावू नका. सांध्यांत रॉकेल सोडून दोन दिवस ठेवा, मग चाक नुसतं डोलवत राहा. सुटलं की रॉकेल पुसून काढा आणि लगेच तेल द्या, नाहीतर कोरडं पडून पहिल्या तासात घासतं. तेल म्हणजे पांढरं, पातळ मशीनचं तेल. खोबरेल नाही, गाडीचं तेल नाही. आमच्याकडे तेलपाण्याचा दिवस गुरुवार, कारण दुरुस्तीच्या नावाखाली वीज बहुधा त्याच दिवशी जाते. हूकला मात्र रोज सकाळी एक थेंब, आणि नंतर टाकाऊ तुकड्यावर हातभर शिलाई, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मालावर डाग पडत नाही. पावसाळ्यात फुटाखाली चामड्याचा तुकडा दाबून ठेवू नका. ओल धरतो आणि प्लेटवर गंजाचा ठसा उठतो, जो पुढे फिक्या चामड्यावर उतरतो.

स्क्रू हरवू नका. सिंगरचे आटे वेगळे आहेत, एक नेहमीचा म्हणजे 9/64 इंच जाडीचा, इंचाला 40 आट्यांचा. बोहरी आळीत काय हवं ते मिळतं, हा मिळत नाही. मिळतोय तो मेट्रिक घालून पिळलात तर बिडातले आटे गेले. आमच्याकडे भंगारात गेलेल्या मशीनचे स्क्रू आणि फुटं डब्यांत वेगवेगळी लावलेली आहेत. जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, तिथून वर्षानुवर्षं गोळा केलेली ही पुंजी.

मोटरबद्दल एवढंच. अर्ध्या अश्वशक्तीची क्लच मोटर 1440 फेऱ्यांची असते. तिला 50 मिलिमीटरची पुली आणि मशीनला 100 ची, तरी मिनिटाला 720 टाके, म्हणजे सेकंदाला बारा. कोपऱ्यावर हात थांबणारच नाही. मधे एकास तीनचा रिड्यूसर, म्हणजे वेग कमी करणारी पुल्यांची जोडणी, घातला की सेकंदाला चार टाके होतात आणि जोर तिप्पट मिळतो, जाड सांध्यावर सुई अडत नाही. वेग हवा तसा ठरवता येणारी सर्वो मोटर लावा, चांगलीच आहे, पण अगदी हळू चालवताना तिचाही जोर कमी पडतो. आम्ही सर्वो लावूनही रिड्यूसर काढला नाही. पुल्या भोसरीत कातून घेतल्या, मोठीचा खर्च एका जेवणाइतका आला.

तो पहिला पॅचर अजून आहे. सांधे भरून, घासून बसवल्यावर आता इंचाला सात टाके देतो. फक्त दुरुस्तीच्या कामाला वापरतो, पट्ट्याला कधीच नाही. गेल्या महिन्यात तो विकणारा स्वतः दारात उभा होता. कुणाला तरी विकलेल्या 111 चा प्लेटचा स्क्रू हरवला होता आणि पुण्यात कुठे मिळेना. डब्यातून दोन काढून दिले. पैसे रोख घेतले, आणि दारामागचा पट्टा त्याला दिसेल इतकं दार लोटलं.