खलाशाच्या पेशीतला दुसरा एक्स

मालवणात त्वचारोगांचा दवाखाना चालवणाऱ्याला चेहऱ्यावरचे डाग नवे नसतात. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा दर्यात जाऊ लागल्या की उन्हाने भाजलेल्या कातडीच्या तक्रारी वाढतात, आणि वांग तर बारा महिने चालूच असतो. त्यामुळे गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर तांबूस चट्टे घेऊन आलेला, तिशी ओलांडलेला एक खलाशी माझ्यासमोर बसला तेव्हा बाहेर थांबलेल्यांपैकी कुणालाही त्यात काही वेगळे वाटले नसते. औषधाच्या दुकानातून कुणाच्या तरी सांगण्यावरून आणलेली स्टेरॉइड असलेल्या मलमाची ट्यूब त्याच्या खिशात होती. ती लावली की चट्टे फिके पडत आणि ट्रॉलरवर काही दिवस काढून आला की पुन्हा पेटत.

मला खटकली ती चट्ट्यांची मांडणी. नाकपुड्यांपासून ओठांच्या कोपऱ्यांकडे उतरणाऱ्या वळ्या अगदी स्वच्छ होत्या, आणि नुसत्या उन्हाने किंवा साध्या ॲलर्जीने उठलेले चट्टे ही जागा इतक्या काटेकोरपणे सहसा सोडत नाहीत. तोंड उघडायला सांगितले तर टाळूवर एक व्रण दिसला. तो दुखत नसल्यामुळे त्याला ठाऊकच नव्हता. सकाळी बोटे आखडतात हे त्याने विचारल्यावर सांगितले, पण जाळे ओढणाऱ्या माणसाची बोटे आखडणारच, असे त्याचे त्यावरचे स्पष्टीकरण तयार होते. एएनए आणि डीएसडीएनए या, स्वतःच्याच पेशींवर उलटलेली प्रतिद्रव्ये शोधणाऱ्या दोन्ही रक्ततपासण्या सकारात्मक आल्या, लघवीत प्रथिन सापडले, आणि ल्युपसचे निदान पक्के झाले.

ल्युपस म्हणजे शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकातील घटकांवर उलटणे. त्वचेवर दिसणारा हा आजार मूत्रपिंडापर्यंत पोहोचू शकतो, आणि त्याच्या दर दहा रुग्णांपैकी साधारण नऊ स्त्रिया असतात. खलाशाच्या वाडीतल्या एका बाईला हाच आजार होता, त्यामुळे नाव ऐकताच त्याने बायकोकडे पाहिले आणि मला विचारले, “डाक्टर, ह्यो बायलमाणसांचो रोग माका कसो झालो?”

प्रश्न लाजेतून आला होता, पण शास्त्राच्या दृष्टीने त्याहून नेमका प्रश्न विचारता आला नसता. दहावा रुग्ण पुरुष असतोच, एवढे सांगून मी मोकळी होऊ शकले असते. तथापि त्याच्याकडे पुन्हा नीट पाहिल्यावर काही गोष्टी एका ओळीत येऊ लागल्या: धडाच्या मानाने लांब पाय, हनुवटीवर तुरळक केस, ढगळ शर्टाखाली झाकलेली छातीची किंचित वाढ, आणि लग्नाला बरीच वर्षे होऊनही मूल नसणे. मुलासाठी बायकोच्या तपासण्या झाल्या होत्या, देवळात कौल लावून झाला होता, उपास तर चालूच होते. त्याची स्वतःची वीर्यतपासणी मात्र कुणी एकदाही सुचवली नव्हती, आणि हे आपल्याकडे इतके सर्रास घडते की त्याचा राग येणेही मी आता जवळजवळ सोडून दिले आहे. माझ्याकडून पुढची तपासणी करून घेणे त्याला अवघड वाटत होते, म्हणून मी शेजारच्या सर्जन मित्राला बोलावले. वृषणे लहान आणि घट्ट असल्याचे त्यांनी सांगितले. गुणसूत्रांच्या तपासणीसाठी रक्त मुंबईला पाठवले आणि काही दिवसांनी अहवाल आला: ४७, एक्सएक्सवाय. म्हणजे पुरुषाच्या नेहमीच्या ४६, एक्सवाय या गुणसूत्रांत एका एक्सची भर.

हा क्लाइनफेल्टर सिंड्रोम. हॅरी क्लाइनफेल्टर यांनी १९४२ मध्ये त्याचे वर्णन केले आणि १९५९ मध्ये त्याचे मूळ, म्हणजे एक जादा एक्स गुणसूत्र, सापडले. तो दुर्मीळ नाही. साधारण ५०० ते १००० पुरुषांमागे एकात तो असतो आणि त्यांतील बहुतेकांना तो कधी कळतही नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा पुरुषांना ल्युपस होण्याचा धोका इतर पुरुषांच्या तुलनेत सुमारे १४ पट, म्हणजे जवळजवळ स्त्रियांइतकाच आढळला. स्त्रियांना ल्युपससारखे स्वयंप्रतिकार आजार, म्हणजे प्रतिकारयंत्रणा स्वतःवरच उलटण्याचे आजार, अधिक का होतात, याचे उत्तर आपण दीर्घकाळ केवळ इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकात शोधत आलो. संप्रेरकांचा वाटा आहेच, कारण बालवयात आणि रजोनिवृत्तीनंतर स्त्री-पुरुषांतली ही तफावत कमी होते; पण ती नाहीशी होत नाही. क्लाइनफेल्टरमध्ये संप्रेरकांचे संतुलनही बदललेले असते, तेव्हा हे रुग्ण म्हणजे काही निर्भेळ पुरावा नव्हे. तरीही पुरुषाच्या शरीरात दुसरा एक्स आला की धोका स्त्रीच्या पातळीजवळ जातो, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

दोन एक्स असलेल्या प्रत्येक पेशीत गर्भावस्थेच्या सुरुवातीलाच एक एक्स बंद केला जातो, हे मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडले. खलाशाला हे समजावताना मी त्याच्याच कामातला दाखला घेतला: पावसाळ्यात होडी वर ओढून झापांनी शाकारून ठेवतात, तसा हा एक्स गुंडाळून ठेवलेला असतो, पण शाकारणी कितीही चांगली असली तरी एखाद्या दोराचे टोक बाहेर राहतेच. बंद एक्सवरील सुमारे १५ टक्के किंवा त्याहून थोडी अधिक जनुके या बंदोबस्तातून निसटतात आणि काम करत राहतात. त्यांपैकी एक टीएलआर७. विषाणूंचा आरएनए ओळखून इंटरफेरॉनचा, म्हणजे प्रतिकारयंत्रणेला जागे करणाऱ्या प्रथिनांचा, इशारा देणे हे त्याचे काम, आणि ल्युपसमध्ये हाच इशारा अनावर झालेला असतो. स्त्रियांच्या काही प्रतिकारपेशींत टीएलआर७ दोन्ही एक्सवरून चालू राहते आणि क्लाइनफेल्टर असलेल्या पुरुषांतही तसेच होते, हे २०१८ मध्ये दाखवले गेले. पुढे २०२२ मध्ये, लहान वयात गंभीर ल्युपस झालेल्या एका स्पॅनिश मुलीत याच जनुकातला एक बदल सापडला आणि उंदरांत तो बदल घडवल्यावर त्यांनाही ल्युपससारखा आजार झाला.

शाकारणीच्या साहित्याचाही यात हात असावा, हे मला अधिक विलक्षण वाटते. एक्स बंद करणारा झिस्ट नावाचा आरएनए अनेक प्रथिनांना आपल्याभोवती गोळा करतो, आणि त्यांतील काही प्रथिने स्वयंप्रतिकार आजारांत हल्ल्याचे लक्ष्य ठरतात. स्टॅनफर्डमधील हॉवर्ड चँग यांच्या गटाने २०२४ मध्ये नर उंदरांत झिस्ट निर्माण करवला. आजाराकडे मुळात कल असलेल्या जातीच्या नरांना चिथावणी देणारे रसायन टोचल्यावर त्यांच्यातील आजार माद्यांच्या पातळीजवळ गेला. कल आणि चिथावणी ही दोन्ही आवश्यक ठरली, हे मी त्याला मुद्दाम सांगितले, कारण दुसरा एक्स त्याच्याजवळ जन्मापासून होता आणि चट्टे मात्र पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या उन्हात वर्षे काढल्यानंतर उठले होते.

सगळा हिशेब एक्सवर मात्र टाकता येत नाही. मिशिगन विद्यापीठातील योहान गुडयॉन्सन यांच्या गटाने २०१७ मध्ये स्त्रियांच्या त्वचेत व्हीजीएलएल३ हे इतर जनुकांचे काम नियंत्रित करणारे प्रथिन पुरुषांपेक्षा अधिक असल्याचे दाखवले, आणि त्याचे जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर असते. उंदरांच्या त्वचेत ते प्रमाणाबाहेर वाढवल्यावर आधी त्वचा बिघडली आणि नंतर मूत्रपिंडापर्यंत ल्युपससारखी लक्षणे उमटली. त्वचारोगतज्ज्ञाला हा अभ्यास विशेष जवळचा वाटतो. त्वचा ही आजार नुसता दाखवणारी भिंत नसून तो सुरू करणारी जागाही असू शकते, असे तो सुचवतो.

अहवाल आधी त्याला एकट्याला सांगितला. तो पुरुषच आहे आणि पुरुषच राहील, हे मी सर्वांत आधी म्हणाले, कारण एक्सएक्सवाय ही अक्षरे पाहून माणूस प्रथम काय समजतो हे मला माहीत आहे. मूल न होण्याचे कारण हेच असण्याची दाट शक्यता असल्याचेही सांगितले. तो बराच वेळ कागद हातात घेऊन बसला आणि मग स्वतःच म्हणाला, “तिका आत बोलवा.” वहिनींनी सगळे ऐकून घेतले. रडणे वगैरे काही झाले नाही. घरी आईला हे कोण सांगणार, एवढेच त्यांनी नवऱ्याला विचारले, आणि “मी सांगतलंय” असे तो म्हणाला.

या अहवालाने उपचारही बदलले. गोव्याला बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात मूत्रपिंडाचा तुकडा तपासल्यावर सायक्लोफॉस्फमाइड या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचा विचार झाला होता; पण ते औषध वृषणांना हानी करते, आणि क्लाइनफेल्टर असलेल्या काही पुरुषांत शस्त्रक्रियेने वृषणातून शुक्राणू मिळू शकतात. उरलेली ती शक्यता राखण्यासाठी स्टेरॉइडबरोबर मायकोफिनोलेट हे त्याच कामाचे दुसरे औषध निवडले गेले, आणि मूल होण्याबाबतचा सल्ला घेऊन होईपर्यंत क्लाइनफेल्टरमध्ये एरवी दिले जाणारे टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-संप्रेरक सुरू करणेही लांबणीवर टाकले, कारण बाहेरून दिलेले टेस्टोस्टेरॉन उरलीसुरली शुक्राणुनिर्मिती दाबते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुरू केलेच होते. मलेरियासाठी वापरले जाणारे हे जुने औषध टीएलआर७ च्याच मार्गात अडथळा आणते. डोळ्यांची नियमित तपासणी ठेवावी लागते, एवढे सोडले तर ते सोसायला सोपे आहे.

ल्युपसच्या प्रत्येक पुरुष रुग्णाची तब्येत मी आता या नजरेनेही पाहते. त्यानंतर आलेल्या एका शिक्षकाची गुणसूत्रे तपासली तर ती ४६, एक्सवाय निघाली, आणि ल्युपस असलेल्या बहुसंख्य पुरुषांत तसेच असते. त्यांच्या आजाराची मुळे दुसऱ्या जनुकांत शोधावी लागतात. खलाशाच्या लघवीतले प्रथिन उतरले आहे. दिवसाची मासेमारी त्याने सोडली असून तो आता बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळीला जातो, आणि पगार कमी असल्याची तक्रार दर भेटीत माझ्याकडे करतो.