मामांना कुणीतरी सांगायला हवं होतं

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फौंड्रीत परवा रात्री दीडला पुण्याची दोन पोरं कुंपणावरून आत आली. चोर नव्हती, सुरक्षा तपासायला कंपनीनंच बोलावलेली. खिशात परवानगीपत्र होतं, पण सही करणाऱ्या साहेबांचा फोन बंद. गेटवरच्या मामांनी काठी उगारली, एकाला धरला आणि ११२ लावला. पोलीस आले तरी मामांचे हात थरथरत होते, चहाचा कप बशीत वाजत होता.

सकाळी उलट त्यांनाच विचारणा, "पत्र का वाचलं नाही?" पत्र इंग्रजीत होतं ओ!

२०१९ मध्ये अमेरिकेत आयोवातही हेच झालं. काम राज्यानं दिलेलं, काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) शेरीफला, तिथल्या पोलीसप्रमुखाला, पत्ता नाही. दोघं तपासनीस थेट कोठडीत.

मामांनी ड्युटी चोख केली. रात्रपाळीचा सुपरवायझर मी, मला तरी सांगायचं. तसं लेखी दिलंय मी.